दुधात बुडवायचे हात

९ मार्च

दादा,

अक्षर बघून ओळखलं असशीलच. तुझा फोन माझ्या नंबरवरून लागत नाही. परवा उंटाच्या फोनवरून लावला, तर तू उचललास, माझं 'हॅलो' ऐकलंस आणि ठेवलास. म्हटलं, कागद बरा. फाडायचा असला तरी हातात घ्यावा लागतो.

उंट म्हणजे माझ्या खोलीतला सोबती. दारातून येताना रोज डोकं आपटतो आणि रोज दारालाच शिव्या देतो.

आत्याकडून कळलं, तू तिला विचारलंस, 'ती धाकट्याकडे तर गेली नाही ना?' ती म्हणजे वहिनी हे आत्याला कळलं, मलाही कळलं, पण तुझ्या तोंडून ना नाव ना नातं. तर ऐक, मला काही माहीत नाही. इथे कुणी आलेलं नाही. वेल्डिंगच्या दुकानासमोर चारचौघांत तू हात उचललास आणि तिने ठकीला कडेवर घेऊन वाट धरली, एवढंच माझ्या कानावर आहे. तुमच्या दोघांच्या मध्ये मी पडत नाही.

मी बरा आहे. माझ्या पायाला भिंगरी आहे म्हणायचास, ती अजून आहे, पण सध्या काचेच्या घरात फिरते. हॉटेलातली भांडी सोडली, गोदाम सोडलं, आता काकडीत आहे. हसू नकोस. छतापासून दोऱ्या सोडलेल्या असतात आणि त्यांवर काकडीचे वेल चढवलेले. आपण ओळीतून चालत जायचं, बगलेतून फुटलेले कोंब खुडायचे, खालची पिवळी पानं कापायची, शेंडा दोरीला गुंडाळायचा. बाहेर हाडं गोठतात आणि आत घामाच्या धारा. वेलांचा चीक लागून बोटं काळी पडलीत, साबणाने जात नाही.

एक गंमत सांगतो. इथे प्रत्येकाच्या कमरेला दुधाची बादली असते. खरंच दूध, पावडरीचं. एक वेल झाला की हात आणि चाकू त्यात बुडवायचा, मगच पुढच्या वेलाला हात लावायचा. काकड्यांचा एक रोग आहे तो हाताने पसरतो, आणि दुधाने म्हणे तो मरतो. पहिल्या दिवशी मला वाटलं मुकादम माझी टर उडवतोय. आई असती तर म्हणाली असती, माणसांना चहात घालायला मिळेना आणि काकडीला आंघोळ! दुपारपर्यंत ते दूध नासतं आणि सगळं काचघर आंबट वास मारतं. आता मला त्या वासावाचून भूक लागत नाही.

उत्तर लिहिलंस तर बरं वाटेल. नाही लिहिलंस तरी मी लिहीनच, हात रिकामा बसत नाही.

धाकटा


२८ मार्च

दादा,

तुझं काही आलं नाही. ठीक.

आमच्याकडे रोग आलाय. शेवटच्या टोकाच्या ओळींत वरची कोवळी पानं ठिपकेदार झालीत, हिरव्यात फिकट हिरवं, आणि मधेच फोड आल्यासारखी फुगलेली. लांबून बघितलं तर छान नक्षी वाटते. मुकादमाने बघितलं आणि एकदम खालीच बसला. इतका जाडा माणूस, पुन्हा उठवायला दोघं लागले.

इथे तपासणीची एक खोली आहे. तिथल्या बाईंना सगळे मॅडम म्हणतात, पाठीमागे भिंगवाली. मुकादमाला गुडघ्यांमुळे चालवत नाही, म्हणून पानं तोडून पिशवीत घालून मॅडमकडे न्यायचं काम माझ्याकडे आलंय. पिशवीवर ओळीचा नंबर लिहायचा, एवढी अक्कल मला आहे.

भिंतीवर दोन मोठे फोटो आहेत. एकात नुसत्या ताठ काड्या सांडल्यासारख्या, दुसऱ्यात वाकडेतिकडे दोरे. मॅडम म्हणाल्या, हेच ते व्हायरस, दोन वेगळ्या जातींचे. दोऱ्यावाला मावा घेऊन येतो, म्हणजे ते बारीक किडे असतात ना, पानाखाली चिकटलेले, ते. काडीवाला माव्याच्या वाटेला जात नाही. तो हातावरून जातो, चाकूवरून, कपड्यांवरून, बियांतूनसुद्धा.

मी म्हटलं, "पानावर तर दोन्ही सारखेच दिसतात."

त्या म्हणाल्या, "म्हणून तर मला पगार देतात."

पान त्या छोट्या पिशवीत पाणी घालून चेचतात. मग त्या हिरव्या पाण्यात एक पट्टी उभी धरतात. प्रत्येक रोगाची पट्टी वेगळी. एक रेघ उमटली तर पट्टी नीट चालतेय, दुसरी उमटली तर तो रोग आहे. ठकीला ती पट्टी फार आवडेल, ती कुठलीही चपटी वस्तू दिसली की तिचा कंगवा करते.

मुकादम दाराशी उभा होता. म्हणाला, "माव्याचं निघालं तर औषध मारू. हाताचं निघालं तर हात शोधू."

पट्ट्या संपल्यात म्हणून मॅडमनी नव्या मागवल्यात. तोवर थांबा म्हणाल्या.

धाकटा


रविवार, तारीख उंटाला विचारली तर तो म्हणतो, असेल काहीतरी

दादा,

मागचं पत्र टाकल्यावर पेटीसमोर उभा राहून कपाळावर हात मारला. ठकीचं लिहून बसलो. तू वेल्डिंगच्या काळ्या काचेतूनही बघायचं ते बघतोस, हे तर उघड्यावर पडलेलं.

हो, त्या दोघी इथे आहेत. हिवाळ्यापासून. मी खोटं लिहिलं, कारण वहिनींनी तसं वचन घेतलं होतं. आणि तुझ्या डोक्यात जे येईल तेही मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगतो. वहिनी बायकांच्या चाळीत राहतात, मी पुरुषांच्या. मध्ये आख्खं आवार आहे, आणि दारावर एक म्हातारी बसते, तिला चुकवून डाससुद्धा आत जात नाही. इथे मला सगळे 'भाऊजी' म्हणायला लागलेत, मुकादमसुद्धा. बस झालं?

त्या काम शोधत आल्या तेव्हा मी मुकादमाच्या हातापाया पडून त्यांना ओळी मिळवून दिल्या. शेवटच्या टोकाच्या. तू हुशार आहेस, पुढचं तुला कळलंच असेल.

मला उशिरा कळलं. दुपारची पानं तोडायला मी त्यांच्या ओळीत गेलो. तिथे वासच येईना. सगळ्या काचघरात नासल्या दुधाची घाण आणि वहिनींच्या बादलीपाशी काही नाही. बोट बुडवून चाटलं. दादा, खडू होता. उन्हाळ्याआधी ऊन अडवायला काचेवर मारतात तो खडूचा पांढरा रंग येतो, त्याची पोती मागच्या शेडमध्ये पडलेली असतात. चमचाभर टाकून ढवळलं की दूध वाटतं.

"वहिनी, हे काय?"

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "भाऊजी, हळू."

"दूध कुठे गेलं?"

"ठकीच्या पोटात. अजून कुठे जाणार? सोन्याचे दागिने थोडेच केले!"

त्याच पुढे बोलल्या, अगदी तुझ्याशी भांडताना बोलायच्या तशा, आवाज न चढवता. "रोज सकाळी पावडरीचं पाकीट हातात देतात. बादलीत ओता म्हणतात. खोलीत पोरगी उपाशी झोपते आणि मी दुधात चाकू धुवायचा? तुमच्या हाताने झालं असतं?"

"अहो, पण ते रोगासाठी..."

"मला वाटलं नुसता पांढरेपणा दाखवायचाय. साहेब लोकांना पांढरं दिसलं की स्वच्छ वाटतं. इथे कुणी समजावून सांगितलंय का? बुडवा म्हणाले, बुडवलं."

खरं सांगू? मलाही कुणी नीट सांगितलं नव्हतं. मला मॅडमच्या भिंतीवरून कळलं.

ठकी आल्यापासून अंगाने भरलीय. आली तेव्हा मानेच्या शिरा दिसायच्या. हे तुला लिहायचं की नाही, यावर मी बराच वेळ पेन तोंडात धरून बसलो होतो.

आता रोग काडीवाला निघाला तर ओळीच्या नंबरावरून सरळ त्यांच्या बादलीपाशी जातील. काम जाईल, काम गेलं की चाळीतली खाट जाईल. तू एक ओळ लिही. 'या' एवढं लिहिलंस तरी पुरे. त्या येतील असं म्हणत नाही, पण दार आहे एवढं कळलं तर माणूस भिंतीला कमी धडका देतो.

धाकटा


१७ एप्रिल

दादा,

तुझी ओळ आली नाही. पट्ट्या आल्या.

मॅडम म्हणाल्या, शेवटच्या ओळींतली ताजी पानं आण. मी पिशवी घेऊन गेलो. काचघराच्या मागे कचऱ्याच्या ढिगावर भोपळ्याचे वेल आपोआप उगवलेत, त्यांना कुणी विचारत नाही. पानाखाली मावा इतका की बोट ठेवायला जागा नाही, आणि पानं आखडून, सुरकुतून गेलेली. पलीकडे खतावर टाकलेली काकडीची रोपंही आहेत, तीही तशीच. त्या काकडीची पानं तोडली. किडे फुंकून, झटकून काढले. पिशवीवर वहिनींच्या ओळीचा नंबर घातला.

तिथे उभा राहून मी एकदा मागे बघितलं. कुणी नव्हतं.

मॅडमनी चेचलं. दोन पट्ट्या बुडवल्या. काडीवाल्या पट्टीवर एकच रेघ. दोऱ्यावाल्या पट्टीवर दुसरी रेघ हळूहळू वर आली, गुलाबी.

"मावा," मॅडम म्हणाल्या. पण पान हातात धरून बसल्या. "हे पान जरा जास्तच आखडलंय. तूच तोडलंस ना?"

"हो."

"त्याच ओळीतलं?"

"हो, मॅडम."

त्यांनी लिहून घेतलं. दाराशी उभ्या मुकादमाने सुटकेचा श्वास सोडला तो टेबलापर्यंत आला. दुसऱ्या दिवसापासून औषधाची फवारणी सुरू झाली. दुधाची सक्तीही ढिली केली, माव्याचं असेल तर दूध कशाला? वहिनींना मी सांगितलं नाही काय केलं ते. त्यांनी विचारलं नाही, म्हणजे त्यांना कळलं. संध्याकाळी ठकीला घेऊन आवारात आल्या. ठकीने माझा कान धरला. तिला झोप आली की ती कान धरते, स्वतःचा नाही, समोर जो असेल त्याचा.

दादा, मी हे बरोबर केलं असं म्हणत नाही. तुला विचारतोही नाहीये. तू उत्तर देत नाहीस हे एका परीने बरंच आहे.

धाकटा


१४ मे

दादा,

सगळं गेलं.

औषधाने मावा मेला. एकही किडा शिल्लक राहिला नाही आणि रोग चालतच राहिला. माव्याचा असता तर इथे एक ठिगळ, तिथे एक ठिगळ दिसलं असतं, हे मॅडमनी नंतर सांगितलं. हा ओळीतून सरळ जात होता, माणूस चालतो तसा. एका वेलावरून शेजारच्या वेलावर, एका ओळीच्या टोकावरून दुसऱ्या ओळीत. जिथे आपण वळतो तिथे वळत होता. आणि दूध बंद, म्हणजे सगळ्यांच्याच हातांवरून जायला मोकळा. काकड्यांवर पांढुरके पट्टे आले, काही वाकड्या झाल्या. मग पलीकडच्या खरबुजांच्या काचघरात निघाला. आमच्यातल्या काही बायका तिकडे मदतीला जायच्या, कामाच्या त्याच झग्यांत.

मॅडमनी एक दिवस कुणालाच न पाठवता स्वतः पानं तोडली. काडीवाल्या पट्टीवर दुसरी रेघ अशी उमटली म्हणे, की थांबावंही लागलं नाही.

मग आम्हाला आत बोलावलं. मुकादम, मॅडम, मी, वहिनी. टेबलावर पट्ट्या ओळीने मांडलेल्या आणि वहिनींची बादली. तळाला खडू साचून घट्ट झालेला.

मुकादम ओरडत नव्हता. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "बाई, मी तुला भाऊजींच्या शब्दावर घेतलं."

वहिनी म्हणाल्या, "खडू मी घातला. दूध पोरीला दिलं."

मॅडमनी जुनी नोंद काढली. "आणि ही पानं? एप्रिलमधली? ही त्या ओळीतली असूच शकत नाहीत." बोलत होत्या सगळ्यांशी, बघत होत्या माझ्याकडे.

मी तोंड उघडलं. दादा, उघडलं होतं मी, शपथ. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "तीही मीच बदलली. भाऊजींनी पिशवी ओळीत ठेवली होती, मी आतलं काढून दुसरं भरलं. त्यांना काय कळतंय! त्यांना पान आणि पापड यातला फरक कळत नाही."

मुकादम हसला. अशा वेळीसुद्धा माणूस हसतो.

"खरं आहे?" मॅडमनी मला विचारलं.

मी मान हलवली. कशी हलवली ते मला आठवत नाही. त्यांनी ते 'हो' धरलं, किंवा धरायचं ठरवलं. चष्मा काढून पुसत बसल्या, बराच वेळ, स्वच्छ असलेला चष्मा.

बाहेर आल्यावर मी वहिनींना म्हटलं, हे काय केलंत? त्या म्हणाल्या, "माझं जाणारच होतं. दोघांचं गेलं तर ठकीला काय घालू, पट्ट्या? तुम्ही गप्प बसा आणि काम करा."

मी गप्प बसलोय. काम करतोय. प्लास्टिकचे कपडे घालून आम्ही वेल कापतो, पोत्यांत भरतो आणि खड्ड्यात पुरतो. ज्या वेलांना रोज शेंडा धरून वर चढवलं, ते दोरीसकट ओढून काढायचे. आवारात सगळ्यांचे झगे आणि बूट पेटवले. बाकीच्या बायकांचंही काम गेलं. जाताना एकही वहिनींशी बोलली नाही. एकीने ठकीच्या हातातला पेला बघितला आणि म्हणाली, "पी बाई पी, फार महाग पडलं." ठकीने तो तिच्यापुढे धरला. तिला वाटलं मागतेय.

धाकटा


२ जून

दादा,

तुझं पत्र पोचलं. तीन महिन्यांनी दोन ओळी. 'पोरीला पाठव. तिच्या आईने यायची गरज नाही.' मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा चुरगाळलं. मग पुन्हा सरळ केलं, कारण ते मला आलेलं असलं तरी माझ्यासाठी नव्हतं.

आता इथलं ऐक. वहिनींना या भागात कुठल्याच काचघरात घेत नाहीत. दारातच विचारतात, "कुठून आलीस?" नाव सांगितलं की दोन पावलं मागे सरकतात, महारोगी बघितल्यासारखे. व्हायरस कपड्यांवर राहतो हे खरं आहे, वहिनींनी कपडे जाळले हेही खरं आहे, पण मनातलं कोण जाळणार? शेवटी इस्पितळाच्या धुलाईत काम मिळालं. चादरी, उकळतं पाणी, हातावर फोड. तिथेच झोपायची सोय आहे, पण मूल चालत नाही. काही दिवस ठकीला उंटाच्या पलंगाखाली लपवून ठेवलं. उंट बिचारा बाहेर बाकावर झोपला. परवा सापडलो. मुकादम म्हणाला, अजून एकदा दिसली तर तूही जाशील.

मी तुझं पत्र घेऊन धुलाईच्या पायऱ्यांवर गेलो. वहिनींनी ओले हात पुसून स्वतः वाचलं. पुन्हा वाचलं. मला वाटलं फाडतील. घडी करून परत दिलं.

"पाठवते," म्हणाल्या.

मी म्हटलं, "वहिनी, घाईत ठरवू नका. मी दुसरीकडे काम बघतो, एखादी खोली..."

"तुम्ही आजवर किती कामं बघितलीत, भाऊजी?" हसून म्हणाल्या, पण ते लागायचं तिथे लागलं. मग म्हणाल्या, "कागद आहे ना? लिहा. मी सांगते तसं लिहा, मध्ये तुमचं घालू नका."

तर हे पुढचं त्यांचं आहे.

दूध कोमट लागतं. गार दिलं तर पिते, पण पोट दुखतं आणि सांगत नाही. साय काढायची. उजव्या कुशीवर झोपते. झोपताना कान धरते, धरू द्यावा, तिचा हात सोडवला तर रात्रभर दचकते. मोठ्या आवाजाला घाबरते, दुकानात नेऊ नये. ठिणग्यांकडे बघू देऊ नये. केस विंचरताना रडते, ते खोटं असतं, विंचरावेत. 'आई कुठे' विचारलं तर 'कामाला गेलीय' सांगायचं. मेली सांगायचं नाही, पळाली सांगायचं नाही. कामाला गेलीय. हे खरंही आहे.

इथे त्या थांबल्या. आतून कुणीतरी हाक मारली, चादरींची गाडी आली होती. उठल्या, पुन्हा वळल्या.

"आणि लिहा, पाठवतेय, देत नाहीये. थंडी पडायच्या आत मी स्वतः न्यायला येणार आहे. दाराबाहेर उभी राहीन, आत बोलवायची गरज नाही."

मी लिहिलं. त्यांनी माझ्या खांद्यावरून वाचून बघितलं आणि आत गेल्या.

आता माझं. शुक्रवारी सकाळच्या गाडीने मी ठकीला घेऊन येतोय आणि त्याच गाडीने परत फिरणार आहे, मला एका दिवसाचीच सुटी आहे. आत्याला पाठवू नकोस, उतरवून घ्यायला तू ये. तिच्या अंगात पिवळा स्वेटर असेल. ती तुला ओळखणार नाही. एकदम उचलून घेऊ नकोस. जरा लांब उभा राहा आणि तिला बघू दे.

धाकटा